पंखा का ओरडतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझ्याकडे अम्मीच्या आवाजाचं एकच ध्वनिमुद्रण आहे. चोवीस मिनिटांचं. २०११च्या पावसाळ्यात ते मी घरच्या कॉम्प्युटरवर केलं. जातं केव्हाच परसात जाऊन पडलं होतं, पण जात्यावरच्या ओव्या तिला पाठ होत्या. घरात आम्ही दखनी बोलत असू. ओवी मात्र तिच्या तोंडी मराठीतच यायची. लहानपणी ज्या शेजारणींबरोबर ती दळायला बसली, त्यांची भाषा ओवीला आली. मी माईक टेबलावर ठेवला, ती पलंगावर बसली आणि म्हणत गेली. मध्येच हसली, मध्येच पाणी प्यायली, आणि दम लागला तेव्हा थांबली. राहिलेल्या ओव्या दिवाळीनंतर घेऊ, असं ठरलं. दिवाळीनंतर ती राहिली नाही.

आज ती फाईल लावली की आधी ऐकू येतो तो पंखा. छताचा नव्हे, तो मी बंद केला होता. कॉम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसरवर बसवलेला तळहाताएवढा पंखा. एकसुरी घूंऽऽ असा आवाज आणि त्याच्या पलीकडून अम्मी. ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या एका स्नेह्याला मी ती फाईल ऐकवली. त्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, "पिठाच्या गिरणीत बसून केलंत काय?" तो थट्टेनं म्हणाला. पण ज्या गिरणीनं जातं मोडीत काढलं, तिचाच आवाज ओव्यांच्या मागं ऐकू यावा, हे मला फार लागलं.

तुम्ही म्हणाल, आवाज मागून पुसता येतो की! येतो, थोडाफार. ऑडॅसिटी नावाचा एक प्रोग्राम फुकट मिळतो. फाईलमधला नुसत्या पंख्याचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा त्याला दाखवायचा, म्हणजे तो त्याची ओळख करून घेतो आणि सगळ्या फाईलमधून तेवढं वजा करतो. मी ते केलं. पंखा खाली गेला, पण अम्मीचा 'स', 'श' आणि 'ह' सुद्धा गेला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पंख्याच्या आवाजात एकच सूर नसतो. वाऱ्याची सळसळ म्हणजे अनेक सुरांची सरमिसळ असते. आपण 'स' किंवा 'ह' म्हणतो तेव्हा तोंडातून तशीच सळसळ निघते. प्रोग्रामला दोन्ही सारखेच. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. कवितेत एक अक्षर गळलं तर ओळ लंगडते, हे ज्याला कळतं त्याला ही दुरुस्ती कशी चालावी? मी फाईल मूळ रूपात परत ठेवून दिली, पंख्यासकट.

म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये खाला, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं चार दिवस राहायला येणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, या वेळी आधी पंखा, मग माईक. तिला अम्मीच्या निम्म्या ओव्या तरी येतात. कॉम्प्युटर आता दुसरा होता. २०२१मध्ये भाच्यानं नांदेडहून सुटे भाग आणून घरीच जोडलेला. दहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, त्याच्याच खोक्यात आलेला पंखा. पहिली दोन वर्षं त्याचा आवाज कधी जाणवला नाही. त्या उन्हाळ्यात मात्र साधी कविता टाईप करतानाही तो असा सुटायचा की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "मिक्सर लावलाय का?"

मोबाइलवर का मुद्रित केलं नाही, असंही कुणी विचारील. मोबाइलला पंखा नसतो हे खरं. पण माझा मोबाइल फार शहाणा. तो बोलणं तेवढं ठेवतो आणि बाकीचं गोंगाट समजून दाबतो. ओवीच्या शेवटी लांबवलेला सूर त्यानं मध्येच कापून टाकला. त्यापेक्षा टेबलावरचा माईक बरा.

आता मूळ प्रश्न. पंखा का ओरडतो? मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. त्यामुळं सुरुवातीला मला वाटलं, पंखा खराब झाला, नवा घालू. भाचा फोनवर म्हणाला, "मामू, पंखा खराब नाही. त्याला कुणीतरी पळवतंय. पळवणारा शोधा." सगळ्या दुरुस्तीचं सार या वाक्यात होतं.

पळवते ती उष्णता. माझ्या प्रोसेसरवर कंपनीनं ६५ वॅट हा आकडा दिलेला आहे. जोर लावला की थोडा वेळ तो त्याहून जास्तही घेतो. त्यात जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे पूर्वी आपल्या घरात जो साठचा दिवा असायचा, त्याला हात लावला तर चटका बसायचा, तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून निघते. ती बाहेर काढायला प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात. त्याला हीटसिंक म्हणतात. त्याला पातळ पातळ पात्या असतात. कशासाठी? आमच्या वसमतकडं हळद शिजवल्यावर काय करतात ते आठवा. ढिगात ठेवली तर ती वाळणार नाही. अंगणभर पसरली की ऊन-वारा लागून वाळते. पात्या म्हणजे उष्णता पसरायचं अंगण. पंखा त्या अंगणातून वारा फिरवतो. मदरबोर्ड प्रोसेसरचं तापमान सारखं बघत असतो आणि ते चढलं की पंख्याचे फेरे वाढवतो. तेव्हा पंख्याचा आवाज हा आजार नव्हे, ताप आहे. नुसता पंखा हळू केला तर ताप मोजायचा थर्मामीटर फोडल्यासारखं होईल. आत प्रोसेसर तापत राहील, मग स्वतःचा वेग कमी करील, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद पडेल.

मी आधी तापमान बघितलं. ते दाखवणारे छोटे प्रोग्राम फुकट मिळतात. ते नसले तर कॉम्प्युटर सुरू करताना बायोसच्या पडद्यावरही आकडा दिसतो. काही काम चालू नसताना माझा प्रोसेसर ७२ अंशांवर होता. खोलीत ३४. नुसतं बसून राहिल्यावर ७२ म्हणजे काहीतरी अडलं होतं.

वीज बंद केली, वायर काढली, डब्याची बाजूची पत्र्याची फळी उघडली. पंख्याच्या खाली, पात्यांच्या वर, एक राखाडी नमदा बसला होता. मी धूळ म्हणत नाही, नमदाच. धूळ, कापसाचे तंतू, स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ आणि हळदीच्या दिवसांत उडणारी पिवळी भुकटी, यांचं लाटून तयार झालेलं कापड. आमच्या भागात हळदीचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. शिजवणं, वाळवणं, घोळून पॉलिश करणं, मग बाजार. त्या दिवसांत घरातल्या पांढऱ्या चादरीही पिवळसर दिसतात, तर कॉम्प्युटर कसा सुटेल? पंखा वरून कितीही जीव तोडून फिरला तरी वारा त्या कापडातून खाली जातच नव्हता. आवाज सगळा, वारा काहीच नाही.

धूळ काढायला ओला फडका नको, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालणंही बरं नाही. त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज साचू शकते आणि ती नाजूक भागांना मारते. रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश आणि हवा मारायचा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवावीत. नाहीतर पोराटोरांना भिरभिऱ्यासारखा तो फिरवण्याचा मोह होतो आणि त्याचं बेअरिंग जातं. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवावी. आणि वीज ज्या डब्यातून येते तो एसएमपीएस मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणा दाब काही काळ साठून राहतो. त्याची धूळ जाळीतून बाहेरूनच उडवावी.

जाता जाता एक. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील, तर ते घराचं अर्थिंग नीट नसल्याचं लक्षण असतं. जुन्या घरांत हे सर्रास आढळतं. पंख्याचं काम राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

धूळ काढल्यावर माझा आकडा ६१वर आला. बरं वाटलं, पण भाचा खूश नव्हता. "चारही खुंट्या हलवून बघा," म्हणाला. या प्रोसेसरबरोबर येणारा पंखा मदरबोर्डला चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी अडकवलेला असतो. त्यातली एक हाताला सैल लागली. अर्धवट बसलेली. म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला होता. कॉम्प्युटर आडवा-उभा नेताना सुटली असेल किंवा पहिल्यापासूनच बसली नसेल. भाच्यानं जोडला होता, म्हणून मी फार खोलात गेलो नाही.

केसभरानं काय होतं? इथंच मला या विषयाची गोडी लागली. उष्णता धातूतून झपाट्यानं जाते, हवेतून जाता जात नाही. तांब्याच्या मानानं साचलेली हवा हजारो पटींनी आळशी. आपण गोधडीत उबदार राहतो ते तिच्यात अडकलेल्या हवेमुळं. प्रोसेसरचा माथा आणि हीटसिंकचा तळ डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी दोघांवर सूक्ष्म चरे असतात, आणि त्या चऱ्यांत हवा. म्हणजे दोघांमध्ये एक अदृश्य गोधडी. ती काढायला मध्ये एक राखाडी लेप लावतात, थर्मल पेस्ट. काही वर्षांनी तो सुकतो, पोपडे धरतो. एकदा हीटसिंक उचलला की जुना लेप पुसून नवा लावावाच लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते ज्याला 'आयपीए' म्हणतात. त्यात सुती फडका भिजवून दोन्ही बाजू लख्ख पुसल्या. मग तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली. ती बोटानं पसरायची गरज नाही, दाबानं आपोआप पसरते. जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं मुळीच नाही. जमीन सारवताना भेगा बुजेल इतकंच शेण घेतात. थर जाड झाला की पोपडे निघतात. हेही सारवणच आहे.

ज्यांच्याकडं एएमडीचा जुन्या धाटणीचा, खाली बारीक पिना असलेला प्रोसेसर आहे, त्यांनी हीटसिंक सरळ वर ओढू नये. सुकलेल्या लेपाला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालवून लेप ऊन होऊ द्यावा, वीज काढावी, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडं पिळत सोडवावा.

खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी जोडीजोडीनं दाबल्या. चार वेळा 'टक्' ऐकलं. आकडा ४४. पंखा इतका खाली आला की तो चालू आहे ना, हे मी वाकून बघितलं.

पण बायोसमध्ये अजून एक काम राहिलं होतं. पंख्याचा आवाज मोठा असण्यापेक्षा तो सारखा वर-खाली होणं कानाला जास्त छळतं. एकसुरी तंबोरा माणूस विसरतो, सूर बदलणारा भोंगा विसरत नाही. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा उसळायचा, निवला की बसायचा. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये याची सोय असते. कुणी तिला क्यू-फॅन म्हणतं, कुणी स्मार्ट फॅन. अमुक अंशांपर्यंत पंखा हळू, तमुकनंतर जोरात, असा एक चढ तिथं आखता येतो, आणि फेरे बदलण्यापूर्वी काही सेकंद थांब, असंही सांगता येतं. मी ६० अंशांपर्यंत पंखा निवांत ठेवला. हे धूळ आणि लेपाचं काम झाल्यानंतरच करावं, आधी नाही.

पंखा थोडा हळू केल्यानं आवाज थोडाच कमी होतो, असं वाटतं. तसं नाही. फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वारा निम्मा, आवाज एक तृतीयांशाजवळ. मोठ्या पंख्याचा फायदा याच हिशेबातला. ८० मिलिमीटरच्या जागी त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा आला, तर तेवढाच वारा द्यायला त्याला एक तृतीयांशाहून कमी फेरे पुरतात. मोठा हीटसिंक आणि मोठा पंखा निराळा विकत मिळतो. डब्यात उंचीची जागा आहे का, हे मोजून मगच घ्यावा. मला तो लागला नाही.

आणखी एक फुकटची युक्ती. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट नावाचा आकडा असतो, १०० टक्के. तो ९९ केला की बहुतेक प्रोसेसर आपली जादा धाव, ज्याला टर्बो म्हणतात, ती घेत नाहीत. एक टक्क्यानं काय होणार, असं मलाही वाटलं. पण जादा धाव घ्यायला प्रोसेसरला विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टाईप करणाऱ्या किंवा ओव्या मुद्रित करणाऱ्या माणसाला ती धाव हवी कशाला?

इतकं करूनही रात्री टेबलातून एक बारीक गुरगुर येत राहिली. डब्यावर हात दाबला की थांबायची. हा वाऱ्याचा आवाज नव्हता, थरथरीचा होता. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर कितीशी ऐकू येईल? खालचा भोपळा तिला मोठं करतो. पंख्याची थरथर पत्र्याच्या डब्यात उतरते, डबा ती लाकडी टेबलाला देतो, आणि टेबल भोपळा होतं.

थरथरीशी लढायचं म्हटलं की मला आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव आठवतं. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा इथं लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायचं ठरलं. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशात दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच जी लहर येते, ती पकडायची. अशा वेधशाळेच्या काटकोनातल्या दोन नळ्या प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतात, आणि त्या लहरीनं त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. म्हणून जागा निवडताना रस्ते, रेल्वे, कारखाने यांपासून दूरची शांत जमीन शोधतात. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले आहेत, जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. तरीही तिथल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत एकदा नोंदींमध्ये विचित्र टकटक उमटू लागली. शोधलं तर बाहेरच्या नळीवर साचलेलं बर्फ डोमकावळे चोचीनं फोडून खात होते.

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी लंबक वापरला. मी सायकलची जुनी ट्यूब वापरली. तिचे चार तुकडे दुमडून डब्याच्या चार पायांखाली सरकवले आणि डबा टेबलावरून काढून खाली फरशीवर ठेवला. तत्त्व एकच, थरथरीची वाट तोडायची. गुरगुर गेली. डबा कॉम्प्युटर-टेबलाच्या बंद कप्प्यात मात्र ठेवू नये. तिथं तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो, आणि पंखा पुन्हा पळू लागतो.

पंखाच खरोखर म्हातारा झाला असेल तर त्याचा आवाज निराळा असतो, खरखर किंवा किटकिट, आणि सकाळी सुरू करताना जास्त. तेव्हा मधल्या गोल कागदाखाली शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडतात. काही महिने निघतात. पण ते तेल म्हणजे निरोपाचं तेल. पंखा नवा आणायचा बेत करावा.

खाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आली. दुपारी मी घरातला कूलर आणि छताचा पंखा बंद केला, माईक डब्यापासून लांब, पलंगाजवळ ओढून घेतला आणि कॉम्प्युटर सुरू केला. ती घाम पुसत बसली होती. दोन ओव्या झाल्यावर थांबली, वाकून डब्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चालू है क्या रे ये? आवाजच नै आरा इसका."

तेही फाईलमध्ये आहे. मी काढलेलं नाही.